माणशी एक फ्रेम

आमच्या मुरगूडच्या शाळेत प्रार्थनेची रांग लावताना सर मोठ्याने सांगायचे, “हातभर अंतर!” हात पुढे करायचा, पुढच्याच्या खांद्याला बोटं टेकली की थांबायचं. दोन पोरांमध्ये साधारण अडीच फूट. ते अंतर अजून माझ्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे एखादा फार मोठा आकडा समोर आला आणि डोक्यात मावेना, की मी त्याची रांग लावून बघतो.

तीन लाख माणसांची रांग लावून बघा. माणशी अडीच फूट धरले तर साडेसात लाख फूट, म्हणजे जवळपास २२८ किलोमीटर. पहिला माणूस कोल्हापुरात उभा केला तर शेवटचा पुण्यात उभा राहील. मधे कराड, सातारा, खंबाटकीचा घाट, कुठेही खंड नाही. ही रांग सेकंदाला एक माणूस या वेगाने मोजायला बसलात, आणि जेवायला-झोपायलाही उठला नाहीत, तर ८३ तास २० मिनिटं लागतील. साडेतीन दिवस. एसटीच्या पन्नास आसनी गाड्यांनी न्यायची म्हटली तर सहा हजार गाड्या लागतील. आणि आमचं मुरगूड, वेदगंगेकाठचं जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचं गाव, घरं-गोठे रिकामे करून सगळंच्या सगळं या रांगेत आणलं तरी असली सत्तावीस मुरगूडं हवीत.

एवढी माणसं ३१ जानेवारी १९८१ या एका दिवशी दिल्लीच्या राजपथावर जमली होती. सिनेमातल्या एका दृश्यासाठी. दिग्दर्शक होते रिचर्ड ॲटनबरो, चित्रपट ‘गांधी’, आणि दृश्य महात्माजींच्या अंत्ययात्रेचं. तारीखही मुद्दाम धरलेली होती. ३३ वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, खरी अंत्ययात्रा याच दिवशी निघाली होती. सिनेमाच्या एका दृश्यात सर्वाधिक माणसं हा विक्रम गिनीज बुकात या दृश्याच्या नावावर नोंदला गेला. आता गर्दी संगणकावर उभी करतात. शंभर माणसांची लाख करतात. तो विक्रम मोडायला पुन्हा कुणी तीन लाख खरी माणसं रस्त्यावर आणील, असं मला वाटत नाही.

‘तीन लाखांच्या वर’ हा अंदाज आहे. पण त्याच नोंदीत दुसरा एक आकडा आहे, आणि माझं मन त्याच्यावरच जाऊन बसतं. सुमारे दोन लाख माणसं आपणहून आलेली होती, आणि ९४,५६० जणांना करार करून थोडंफार मानधन दिलेलं होतं. चौऱ्याण्णव हजार पाचशे साठ. हा आकडा अंदाजातून येत नाही, तो मस्टरवरूनच येतो. आमच्या भागात साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड टोळीचा मुकादम रोज सकाळी हजेरी घेतो, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या शेवटच्या ‘साठ’चं मोल कळेल. एका पानावर तीस नावं धरली तर हे मस्टर ३,१५२ पानांचं होतं. एकाच टेबलावर दहा-दहा सेकंदांनी एकेक सही घेतली असती तर अकरा दिवस आणि अकरा रात्री लागल्या असत्या. म्हणजे राजपथावर कॅमेरा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कुठेतरी टेबलं लागली होती, कारकून बसले होते, नावं उतरवली जात होती. पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही.

आता फिल्मचा हिशेब करू. त्यासाठी मला पुन्हा लहान व्हावं लागतं.

यात्रेला तंबूतला सिनेमा यायचा. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूमागे आम्ही पोरं धुळीतून फिल्मचे तुकडे वेचायचो. तुटलेली रीळ जोडताना ऑपरेटर कापून टाकायचा, तेच हे तुकडे. त्यांचा आमच्यात बाजार चालायचा. हाणामारीच्या तुकड्याला दोन गोट्या, नटीच्या तुकड्याला चार. फ्यूज गेलेला बल्ब घ्यायचा, बुडाकडून अलगद फोडून आतली तार काढायची आणि त्यात पाणी भरायचं. झालं भिंग. दाराच्या फटीतून आरशाने ऊन आत घ्यायचं, तुकडा धरायचा, आणि समोरच्या भिंतीवर आजोबांच्या धोतरावर चित्र उमटायचं. उलटं उमटलं की तुकडा फिरवायचा. माझ्या कंपासपेटीत असा एक तुकडा बरीच वर्षं होता. पट्टीवर ठेवून मी तो मोजलेला आहे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. आणि एक फूट लांबीत बरोब्बर सोळा चित्रं.

सोळा चित्रं म्हणजे एक फूट. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे दीड फूट फिल्म. मिनिटाला नव्वद फूट. पस्तीस मिलिमीटरच्या बोलपटाचं हे गणित जगभर एकच आहे, आणि ‘गांधी’ याच फिल्मवर चित्रित झाला.

त्या दिवशी राजपथावर अकरा कॅमेरा पथकं लावलेली होती. त्यांनी मिळून २०,००० फुटांहून जास्त फिल्म वापरली. वीस हजार फूट म्हणजे सहा किलोमीटर. पडद्यावर चालवली तर ३ तास ४२ मिनिटं. अख्खा ‘गांधी’ चित्रपट १९१ मिनिटांचा आहे, म्हणजे ३ तास ११ मिनिटांचा. एका दिवसात, एका दृश्यासाठी, पूर्ण चित्रपटापेक्षा अर्धा तास जास्त चित्रण झालं होतं. तरीही हेच अकरांत वाटलं तर प्रत्येक पथकाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं येतात. तीन लाख माणसं उभी राहिली आणि कॅमेरा चालला वीस मिनिटं. उरलेला सगळा वेळ तयारीत आणि वाट बघण्यात गेला असणार. लग्नात अक्षता टाकायला किती वेळ लागतो आणि त्यासाठी किती महिने राबावं लागतं, हे ज्याच्या घरात कार्य झालंय त्याला सांगायला नको.

मग संकलक जॉन ब्लूम यांच्या टेबलावर ही सगळी फिल्म आली, आणि तिच्यातून चित्रपटात राहिली ती १२५ सेकंदांची. दोन मिनिटं पाच सेकंद. फुटांत सांगायचं तर १८७ फूट आणि सहा इंच. दर एकशे सात फुटांमागे एक फूट राहिला.

इथवरचे आकडे मोठे आहेत, पण असे आकडे आपण ऐकतो आणि विसरतो. मी एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि कंपासपेटीतल्या तुकड्यासारखी या फिल्मचीही चित्रं मोजली. २०,००० फूट गुणिले १६. उत्तर आलं ३,२०,०००.

तीन लाख वीस हजार चित्रं, आणि माणसं तीन लाखांच्या वर. माणशी एक फ्रेम.

हे कुणी ठरवून केलेलं नाही, हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळतं. पण त्या दिवशी मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. राजपथावर आलेल्या प्रत्येकाला आपापला एकेक फोटो वाटता आला असता, एवढी फिल्म त्या दिवशी चालली होती. दुसरीकडे संपूर्ण चित्रपट, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या नावापर्यंत, २,७५,०४० फ्रेमचा. म्हणजे अख्खा ‘गांधी’ जरी त्या गर्दीला वाटून टाकला असता, तरी पंचवीस हजार माणसं हात हलवत परत गेली असती. आणि प्रत्यक्षात पडद्यावर आल्या त्या १२५ सेकंदांच्या फक्त तीन हजार फ्रेम. एका फ्रेममागे शंभर माणसं. सेकंदाच्या चोविसाव्या हिश्श्यात शंभर माणसांचा अख्खा दिवस बसवला आहे.

खऱ्या अंत्ययात्रेला बिर्ला हाउसपासून राजघाटावर पोहोचायला पाचेक तास लागले होते, आणि लोटलेली माणसं दहा लाखांच्या वर होती. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद. सिनेमाने त्याचे १२५ केले. एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा.

हे सगळं जमवून आणणारा माणूस १९२३ मध्ये केंब्रिजला जन्मला. पुढे जगभर गाजलेले निसर्गपटकार डेव्हिड ॲटनबरो हे त्यांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात रिचर्ड हवाई दलाच्या चित्रण पथकात होते. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडच्या तोफेच्या जागेवर कॅमेरा घेऊन बसायचं आणि खालचं टिपायचं, हे काम. त्यात त्यांच्या कानांना कायमची इजा झाली. सुरुवात नट म्हणून. ‘ब्रायटन रॉक’, ‘द ग्रेट एस्केप’ त्यांनी केले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये अवध गिळायला आलेला जनरल औट्रम तेच. दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर उण्यापुऱ्या चार दशकांत फक्त बारा चित्रपट आहेत. आमच्या भालजी पेंढारकरांचा किंवा अनंत माने यांचा पसारा बघितलेल्या कोल्हापूरकराला ही संख्या फार लहान वाटेल. पण त्यातल्या एकाच चित्रपटाला वीस वर्षं गेली.

१९६२ मध्ये लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी ॲटनबरोंना फोन केला. गांधीजींवर चित्रपट व्हायला हवा, तुम्ही लुई फिशरने लिहिलेलं चरित्र वाचा, एवढंच त्यांचं म्हणणं. ॲटनबरोंनी ते वाचलं आणि होकार दिला. तोवर त्यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. त्यांचा पहिला चित्रपट आला १९६९ मध्ये. म्हणजे मनात ‘गांधी’ सात वर्षं आधी, आणि दिग्दर्शनाचा श्रीगणेशा नंतर. १९६३ मध्ये माउंटबॅटन यांच्या ओळखीने ते पंडित नेहरूंना भेटले. गांधीजींचा देव करू नका, असं नेहरूंनी त्यांना बजावल्याचं ते पुढे सांगत. १९६४ मध्ये नेहरू गेले. १९७० मध्ये कोठारी गेले. १९७९ मध्ये माउंटबॅटन यांची हत्या झाली. चित्रपट या तिघांना अर्पण केलेला आहे, आणि तिघांपैकी एकानेही तो पाहिला नाही.

मधल्या काळात पैसा मिळत नव्हता. पंचा नेसलेल्या म्हाताऱ्याचा सिनेमा बघायला कोण येणार, हा प्रश्न. शेवटी खर्च झाला २ कोटी २० लाख डॉलर, तेव्हाच्या दराने एकोणीस-वीस कोटी रुपये. मिनिटाला दहा लाख. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने उचलला. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती एक वेगळीच रक्कम. १९५२ मध्ये लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ नाटक रंगभूमीवर आलं, त्याच्या पहिल्या संचात ॲटनबरो आणि त्यांची पत्नी शीला सिम दोघं होती. दोघांनी मिळून नाटकाच्या नफ्यात दहा टक्के हिस्सा घेतला होता. हे नाटक अजून चालू आहे. करोनात पडदा पडला होता तेवढाच खंड. २०२२ मध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा प्रयोग अठ्ठावीस हजारांवर गेले होते. त्याच वर्षी आपल्या प्रशांत दामले यांनी सगळी नाटकं मिळून १२,५०० वा प्रयोग केला, आणि तो केवढा मोठा पराक्रम आहे हे मराठी नाट्यरसिकाला ठाऊक आहे. इथे एकाच नाटकाचे त्याच्या दुपटीहून जास्त प्रयोग. अशा नाटकातला हिस्सा म्हणजे बारमाही पाण्याची विहीर. ॲटनबरोंनी त्यातला काही भाग आधी एका उपाहारगृहासाठी विकला होता. उरलेला विकून टाकला तो ‘गांधी’ बुडू नये म्हणून. बारमाही पाण्याखालची जमीन विकताना शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, ते आमच्या वेदगंगेच्या पट्ट्यात कुणालाही विचारा.

आणि आता कोल्हापूर.

ॲटनबरो सांगत की ‘गांधी’ची जुळवाजुळव करायला मला सतरा वर्षं लागली, पण वेशभूषेसाठी हीच बाई योग्य हे ठरवायला पंधरा मिनिटं पुरली. सतरा वर्षांची मिनिटं होतात सुमारे ८९ लाख. त्यातली पंधरा मिनिटं भानू अथय्या यांच्या वाट्याला आली. माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूरचा, २८ एप्रिल १९२९. सात भावंडांत तिसऱ्या. वडील अण्णासाहेब चित्रकार आणि छायाचित्रकार होते, आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केलं होतं.

बाबूरावांचं नाव आलं की थोडं थांबावंच लागतं. १९१७ मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणाऱ्या या माणसाने परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून इथल्याच लेथवर सुटे भाग कातून कॅमेरा बनवला. हाताने हँडल फिरवायचं, एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. राजपथावर त्या एका दिवशी जेवढी फिल्म चालली, तेवढी चालवायला अशा कॅमेऱ्याचं हँडल चाळीस हजार वेळा फिरवावं लागलं असतं. कोल्हापूरला खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्याच्या शेजारून रोज हजारो गाड्या जातात. थांबून बघणारा क्वचित. मी कोल्हापूरला गेलो की दोन मिनिटं का होईना, तिथे थांबतो. त्या लेथच्या गावातली मुलगी जे. जे. कला महाविद्यालयात गेली, तिथे सुवर्णपदक मिळवलं, ‘सी.आय.डी.’पासून हिंदी सिनेमात शंभराहून जास्त चित्रपटांचे कपडे केले, आणि मग तिला ॲटनबरो भेटले.

तिच्या हाती केवढं काम आलं बघा. चित्रपटाचा काळ १८९३ ते १९४८, पंचावन्न वर्षं. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आणि सैनिकांचे गणवेश हे जॉन मोलो यांचं खातं, आणि बाकीचा हिंदुस्थान भानूताईंकडे. डर्बनचे व्यापारी, चंपारणचे नीळवाले शेतकरी, काँग्रेसचे पुढारी, मुसलमान, पारशी, शीख, खाणमजूर. कापड नवं दिसून चालत नाही, कॅमेऱ्याला नवी खादी लगेच ओळखू येते. धुवायची, आपटायची, चहाच्या पाण्यात काढायची, कोपर-गुडघ्यावर झिजवायची, तेव्हा ती अंगावरची वाटते. आणि मुख्य पात्राचे कपडे तर दर काही वर्षांनी बदलत गेलेले. दक्षिण आफ्रिकेत कोट, ताठ कॉलर, टाय. कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, कारण तेव्हा गांधीजींना तेच सुधारलेपण वाटायचं. १९१५ मध्ये परतताना काठेवाडी अंगरखा आणि फेटा. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला तेही उतरवलं आणि फक्त पंचा राहिला.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हायस्कुलात होतो. शाळेनेच नेलं होतं. हिंदीतला, पंकज कपूर यांच्या आवाजातला. तेव्हा मला गर्दीच दिसली. आता कितव्यांदा तरी बघताना वेगळंच दिसलं. आगगाडीतून फलाटावर ढकलून दिलेला तरुण वकील अंगभर कपड्यांत आहे आणि फलाटावर एकटा आहे. पुढे एकेक कपडा कमी होत जातो, आणि भोवतीची माणसं वाढत जातात. चंपारणला शेकडो, दांडीच्या वाटेवर हजारो, आणि अंत्ययात्रेला तीन लाख. भानूताईंनी ही उतरंड कपड्यांतून अशी बांधली आहे की प्रेक्षकाला ती कळतसुद्धा नाही. रोहिणी हट्टंगडी यांनी कस्तुरबा उभ्या केल्या तेव्हा त्या ऐन तरुण होत्या, आणि त्यांना चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांच्या मृत्यूपर्यंत जायचं होतं. त्यातलं अर्धं म्हातारपण चेहऱ्यावर आणि अर्धं साडीच्या पदरात आहे, असं मला वाटतं. ‘बाफ्टा’ने त्यांना पुरस्कार दिला तो उगीच नव्हे. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. दुसऱ्या पथकाचं दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचं. इतकी आपली माणसं त्यात राबली आहेत की ‘परदेशी माणसाने केलेला गांधी’ असं कुणी म्हटलं की माझी मान हलत नाही.

११ एप्रिल १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा झाला. ११ नामांकनं, ८ पुरस्कार. वेशभूषेचा पुरस्कार भानू अथय्या आणि जॉन मोलो यांना मिळाला. भारताच्या वाट्याला आलेलं हे पहिलं ऑस्कर, आणि ते कोल्हापुरात जन्मलेल्या बाईच्या हातात. साडेतेरा इंच उंची, पावणेचार किलोंच्या वर वजन. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीला परत पाठवली. आपल्यामागे ती नीट सांभाळली जावी, एवढीच काळजी. १५ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत त्या गेल्या, वयाच्या ९१ व्या वर्षी.

ॲटनबरोंना मागे ठेवून हे संपवता येत नाही. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी. दोन लाखांच्या वर माणसं गेली. थायलंडच्या किनाऱ्यावर त्यांची मुलगी, मुलीची सासू आणि पंधरा वर्षांची नात, अशी तिघं त्यात होती. मृत्यूच्या एका दृश्यासाठी तीन लाख माणसं उभी करणाऱ्या या माणसाला लाखांच्या त्या आकड्यातले तीनच दिसले असणार. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, एक्क्याण्णव व्हायला पाच दिवस राहिले असताना, ते गेले. इंग्लंडमध्ये रिचमंडच्या चर्चमध्ये मुलीच्या आणि नातीच्या शेजारी त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

परवा पुतणी आली होती. सातवीत आहे. तिला हा माणशी एका फ्रेमचा हिशेब सांगितला. तिला खरा वाटेना. तिने स्वतः वहीत मांडून पाहिला, १६ ने गुणलं, उत्तर तेच आलं. मग मोबाइलवर ते दृश्य काढलं आणि मधेच थांबवलं. म्हणाली, “काका, यात शंभर असायला पाहिजेत ना?” मी म्हटलं, मोज. पुढच्या रांगेपासून तिने एकेका डोक्यावर बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. शंभर केव्हाच मागे पडले. मागची माणसं ठिपक्याएवढी होत गेली तशी ती चित्र मोठं करत गेली. आई जेवायला हाक मारत होती. “दोनशे अकरा,” पुतणी म्हणाली, “थांब गं आई, अजून डावीकडचे राहिलेत.”